लुसिना आणि अण्णांची मांडी

पहिल्या बाळंतपणाला मी सोलापूरला माहेरी आले ती रडतच. शेजारणींना वाटलं, नवऱ्याला सोडून आली म्हणून रडतेय. माझा नवरा होटगीला, स्टेशनात तारबाबू. तेवढ्याशा अंतरासाठी कोण बाई रडेल? मी रडत होते भीतीनं. माजघरामागच्या खोलीत मला निजवणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याच खोलीत माझी आई गेली होती.

तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आत आई, सुईण आणि माझी आत्या. बाहेर ओसरीवर अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी. अण्णा भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. बोटांत बोटं गुंफलेली, आणि ती इतकी घट्ट आवळलेली की नखं पांढरी पडली होती. सकाळ गेली, दुपार गेली, दुसरा दिवस उजाडला, तरी ते तसेच. आतून आईचा आवाज यायचा आणि मध्येच बंद व्हायचा. तो बंद झाला की मला जास्त भीती वाटायची. मी माझा हात अण्णांच्या हातात घालायला गेले, पण त्यांची बोटं काही सुटेनात. शेवटी मी त्यांच्या धोतराचा सोगा धरून बसले. मूल पायाळू होतं, पायांकडून येत होतं, ते अडलं. ते गेलं आणि त्याच्या पाठोपाठ आई गेली.

त्यानंतर आत्या आमच्याकडेच राहिली. ती अण्णांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली. तोंडाची फटकळ, पण माया अशी की तिच्या पानातली अर्धी भाकरी आपल्या पानात कधी आली ते कळायचंही नाही. अण्णा हायस्कुलात इतिहास आणि इंग्रजी शिकवायचे. आई गेल्यावर त्यांनी देव्हाऱ्याकडे पाठ फिरवली, पूजा आत्याकडे आली. त्यांच्या दोनच हौशी उरल्या. एक वाचन. दुसरी मांडी. हसू नका, खरंच सांगते. एकदा मांडी घातली की मुलांच्या पेपरांचा सगळा गठ्ठा तपासून झाल्याशिवाय ती मोडायची नाही, आणि याचा त्यांना कोण अभिमान. खुर्चीत बसणाऱ्यांचे कणे कच्चे, असं म्हणायचे.

मी आले त्या सुमारास त्यांनी शाळेच्या लायब्ररीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, जुन्या रोमच्या देवधर्मावरचं. दुपारी मी आडवी पडले की ते माझ्याजवळ येऊन बसायचे आणि वाचून मराठीत सांगायचे. माझी भीती त्यांना दिसत होती, पण सरळ बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. जगात सगळीकडच्या बायका बाळंतपणाला भ्याल्या, सगळीकडच्या लोकांनी त्यासाठी देव गोळा केले, आणि तरी मुलं होत राहिली, हे मला कळलं की माझा जीव निवांत होईल, अशी त्यांची समजूत. मास्तर माणूस. पुस्तकातून सगळं होतं असं वाटायचं त्यांना.

सुरुवातीला मजाही वाटायची. रोमची माणसं भलतीच हिशेबी. आपल्याकडं एकटी सटवाई सगळं बघते, त्यांच्याकडं कामागणिक देव वेगळा. पाळणा सांभाळणारी एक, अंगावर दूध आणणारी एक, मूल पहिल्यांदा रडतं तेव्हा त्याचं तोंड उघडणारा आणखी एक. बाळंतिणीच्या उंबऱ्यावर म्हणे तीन माणसं यायची. एक कुऱ्हाडीनं उंबऱ्यावर घाव घालायचा, दुसरा मुसळानं ठोकायचा, तिसरा झाडूनं उंबरा लोटायचा. रानातला एक दांडगा देव घरात शिरून बाळंतिणीला छळतो, त्याला अडवायला हा बंदोबस्त, आणि त्या तिन्ही कामांचे तीन देव.

आत्या तिथंच तांदूळ निवडत बसलेली असायची. ती म्हणाली, यात नवीन ते काय, मी विळा, मुसळ आणि केरसुणी उंबऱ्यात ठेवणारच आहे, त्यासाठी साहेबाचं पुस्तक कशाला हवं? अण्णा खूश झाले. त्यांनी समासात पेन्सिलीनं खूण केली.

मग एक दिवस दोन बहिणींची पाळी आली. दोघी बाळंतपणाच्याच देवी. एक डोक्याकडून येणारं मूल सांभाळणारी, आणि दुसरी... अण्णा तिथंच थांबले. घसा खाकरला, पान उलटलं, पुढचं काहीतरी सांगू लागले. पण मला कळायचं ते कळलं होतं. दुसरी पायाळूची. एवढ्या लांबच्या देशात सुद्धा त्या संकटाला वेगळी देवी नेमावी लागली होती, म्हणजे ते संकट केवढं असेल! त्या दिवसापासून पोटात बाळ हललं की माझा हात तिकडं जायचा. हे डोकं की पाय? पण मला काय कळणार?

आणि मग आली लुसिना. उजेडाची देवी, अण्णा म्हणाले. पोटातल्या अंधारातून मुलाला उजेडात आणते ती. तिच्या देवळात जाताना अंगावर कुठं गाठ असता कामा नये, केस मोकळे सोडायचे. आत्यानं मान हलवली, आपल्यातही अडलेल्या बाईसाठी घरातल्या गाठी सोडतात, कुलपं उघडतात, असं म्हणाली. अण्णांनी परत समासात खूण केली. दोघं भावंडं त्या पुस्तकावर हातात हात घालून चालली होती.

मग अण्णांनी ती गोष्ट सांगितली. एका बाईच्या पोटात मोठा पराक्रमी मुलगा होता. एका देवीला तिचा मत्सर. तिनं लुसिनेला पाठवलं, मूल होऊ देऊ नकोस म्हणून. लुसिना जाऊन त्या बाईच्या दाराबाहेर बसली, पायावर पाय टाकून, बोटांत बोटं गुंफून. बस, एवढंच. ती तशी बसून होती तोवर आतल्या बाईची सुटका होईना. दिवसांमागून दिवस गेले, बाई मरणाला टेकली. तिची एक चलाख दासी होती, तिच्या लक्षात आलं की दाराबाहेर कुणीतरी अशी बसलीय. ती बाहेर आली आणि हसून म्हणाली, आनंद करा, मुलगा झाला. साफ खोटं. पण लुसिना दचकून ताडकन उठली, बोटं सुटली, आणि त्याच क्षणी आत मूल झालं.

अण्णा पोट धरून हसले. पुढं म्हणाले, तेव्हापासून रोमात गरोदर बाईजवळ असं पाय दुमडून, बोटं गुंफून बसणं म्हणजे करणीच समजायचे. आपल्याकडं हा नियम असता तर सोलापुरात एकही मूल जन्मलं नसतं, अख्खं गाव मांडी घालून बसतंय. आत्यासुद्धा हसली.

मला हसू आलं नाही. मला ती पांढरी पडलेली नखं दिसली.

अण्णा समोर मांडी घालूनच बसले होते, मांडीवर पुस्तक. इतकं वाचलेला माणूस, आणि त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही? नाहीच आलं. स्वतः कसे बसलो होतो हे कुणाला आठवतं? बघणाऱ्याला आठवतं. मी बघितलं होतं, मीच माझा हात त्या बोटांत घालायला गेले होते.

कुणाला सांगणार? आत्याला सांगावं तर ती म्हणणार, खुळी का तू. अण्णांना सांगावं तर सांगायचं तरी काय? तुम्ही दाराबाहेर तसे बसलात म्हणून आई गेली, असं? माझा स्वतःचाही विश्वास नव्हता हो त्यावर. दिवसा नव्हता. पण भीतीला विश्वास लागत नाही. ती आपली बसलेली असते. मी लोकांचे हात बघायला लागले. भेटायला आलेली शेजारीण मांडी घालून, हात जुळवून बसली की मी तिला काहीतरी काम सांगून उठवायची. आत्याला तांदूळ घेऊन स्वयंपाकघरात पिटाळायची. ती म्हणाली, डोहाळे ऐकले होते गं मी, पण हे लोकांना उठवायचे डोहाळे तुझेच. अण्णांसाठी मी शेजारच्या वकिलांकडून खुर्ची मागून आणवली. खुर्चीवर बसा की अण्णा, म्हटलं. ते म्हणाले, खुर्ची शाळेत पुरे झाली. ती खुर्ची मग वाळत घातलेल्या टॉवेलाच्या कामी आली.

कळा सुरू झाल्या त्या पहाटे, गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा. आत्यानं आधी घरभर फिरून सगळं मोकळं केलं. ट्रंकांची कुलपं काढली, बरण्यांची झाकणं उचलून ठेवली, पिशव्यांचे बंद सोडले, माझी वेणी उलगडली. दाराला कडी घालायची नाही, म्हणाली, त्यामुळं खोलीचं दार वीतभर उघडंच राहिलं. उंबऱ्यात विळा, मुसळ आणि केरसुणी. त्या फटीतून मला माजघर दिसायचं, आणि माजघराच्या पलीकडं ओसरीची कड.

सुईण म्हातारी होती, कुंभारीकडची. हसतमुख बाई, येताना चेष्टा करतच आली. तिनं माझ्या पोटावरून हात फिरवला, एकदा, परत एकदा, आणि तिची चेष्टा थांबली. आत्याला तिनं कोपऱ्यात नेलं. हळू बोलली, पण अशा वेळी माणसाला भिंतीपलीकडचं ऐकू येतं.

"पायाळू हाय," ती म्हणाली. "पाय खाली हायती."

खोली तीच, भिंत तीच, भिंतीतला दिवा ठेवायचा कोनाडाही तोच. आईनं शेवटी हाच कोनाडा बघितला असेल असं माझ्या मनात आलं आणि मी डोळे मिटून घेतले. मला मरायचं नव्हतं. देवाला काही मागायचं म्हटलं तर कोणत्या देवाला मागू तेही सुचेना. सटवाई, लुसिना, ती पायाळूची नाव नसलेली, सगळ्यांना हाका मारल्या मी.

अण्णांनी टांगा पाठवून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. टांगेवाला रिकामा परत आला. बाई दुसऱ्या एका अडलेल्या बाईसाठी मोडनिंबला गेल्या होत्या, संध्याकाळशिवाय येणार नव्हत्या. होटगीला निरोप गेला होता, पण नवरा येऊन तरी काय करणार होता? अण्णांना करण्यासारखं काही उरलं नाही. ते ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले.

त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. या टोकाहून त्या टोकाला, तिथून परत. मला तेवढाच आधार. पावलं वाजतायत म्हणजे ते उभे आहेत. कळ आली की मी ओठ चावायची, आणि ती ओसरली की आधी कान द्यायची. वाजतायत. दुपार झाली, पत्रा तापून खोलीत भट्टी झाली, आत्या ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसत होती. पावलं वाजत होती. मग एक मोठी कळ आली, माझ्या डोळ्यांपुढं काळोख झाला, आणि ती गेल्यावर मी कान दिला तर काही ऐकू येईना.

मी मान उचलून फटीतून बघितलं. त्याच भिंतीला टेकून अण्णा बसले होते. मांडी घातलेली. बोटांत बोटं.

मी आत्याला म्हटलं, अण्णांना उठव. तिला वाटलं मला भ्रम झाला. बसू दे गं त्याला, दमलाय तो, सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतला, असं म्हणून तिनं फडकं कपाळावर दाबलं. मी परत म्हटलं, आत्या, पाया पडते तुझ्या, त्यांना उठव. सुईण मला दटावू लागली, बोलण्यात जोर घालवू नको, कळ दे. कळ आली. मी जीव खाऊन जोर केला आणि काहीही झालं नाही. पुन्हा आली, पुन्हा काही नाही. सुईणीच्या हातांची लगबग मंदावली. ती आत्याकडं बघून एकच शब्द बोलली, अडलं. आत्यानं तोंडाला पदर लावला.

तेव्हा मला कळलं की मी मरणार. मी अशीच मरणार, आणि अण्णा असेच बसून राहणार, त्यांना उठवायला कुणी जाणार नाही. आणि एकाएकी मला त्या दासीची आठवण झाली. माझ्याजवळ दासी कुठली? मी कोपरांवर उठले, छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला आणि ओरडले.

"अण्णा, मुलगा झाला!"

सुईणीचा हात थबकला. आत्या माझ्याकडे बघतच राहिली. ओसरीवर अण्णा ताडकन उठले, हात सुटले, धोतर सावरायचंही भान नाही, तसेच माजघरात धावत आले. आणि मध्येच उभे राहिले. मूल रडत नव्हतं. रडणार कुठून? त्यांनी फटीतून आत बघितलं, आमची नजरानजर झाली. मग त्यांची नजर खाली गेली, स्वतःच्या हातांकडे.

मी आयुष्यात पुष्कळ भ्यालेली माणसं पाहिली, स्वतःला आरशात पाहिलं. पण तसा चेहरा पुन्हा पाहिला नाही. त्यांना सगळं कळलं. मी का ओरडले तेही, आणि त्याच्या मागचंही, थेट त्या जुन्या दोन दिवसांपर्यंतचं. त्यांनी मागं सरून, दोन्ही हात पसरून माजघराच्या दाराची चौकट धरली, बोटं अलग अलग करून, आणि तसेच उभे राहिले.

मग जी कळ आली ती वेगळीच होती. सुईण ओरडली, "आलं, पाय आलं बग, आता थांबू नगंस." पुढचं मला तुकड्यांनी आठवतं. तिचे हात, आत्याची माझ्या खांद्यांवरची पकड, माझाच आवाज. मग शांतता. त्या शांततेत मी मेले होते असं मला अजून वाटतं. सुईणीनं बाळाला उलटं धरून पाठीवर थापटलं, आणि ते रडलं.

मुलगी होती. आत्या हसत होती आणि रडतही होती. मुलगा म्हणून गाव जागं केलंस आणि काढलीस मुलगी, लबाड कुठली, असं म्हणत तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. सुईणीनं नाळ कापता कापता ऐकवलं की असा पोटातनं जोर सकाळीच लावला असता तर लई लवकर सुटली असतीस. तिचं म्हणणं असं की त्या ओरडण्यानंच मूल खाली सरकलं. असेल. तिचंच खरं असेल. मला त्या वेळी कुणाचंही खरं चाललं असतं, मी जिवंत होते.

अण्णा मात्र आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून बाळ बघायचे आणि जायचे. शाळेतून आले की उभ्यानंच चहा प्यायचे. मला वाटलं, सोयर पाळतायत, आत्याला दुखवायला नको म्हणून.

पाचवीच्या दुपारी आत्यानं सटवाईची पूजा मांडली. पाटा-वरवंटा, विळा, आणि सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि बोरू. ती नैवेद्य आणायला स्वयंपाकघरात गेली तेव्हा अण्णा उंबऱ्याशी आले. मुसळ आणि केरसुणी मध्ये होती, ती ओलांडली नाही त्यांनी. मी म्हटलं, बसा ना अण्णा. ते बसले नाहीत.

"मला आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

काय ते, असं मी म्हणणार होते. पण त्यांनी दोन्ही हात पुढं करून उघडे धरले होते आणि त्यांच्याकडेच बघत होते.

"तुझ्या आईच्या वेळी असं खोटं बोलायला कुणी नव्हतं गं," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, अण्णा, ती नुसती गोष्ट आहे, कुठल्या तरी जुन्या देशातली, तुम्हीच हसत हसत सांगितलीत ना? हो, गोष्टच आहे, ते म्हणाले, आणि हसण्याचा प्रयत्नही केला. मी बाळाला त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी एक बोट पुढं केलं, तिनं ते मुठीत धरलं, आणि ती सोडेपर्यंत ते वाकून तसेच उभे राहिले. माझी भीती पाच दिवसांपूर्वी सुटली होती. ती कुणाकडं गेली ते मला तेव्हा दिसलं.

ते पुस्तक त्यांनी लायब्ररीत परत केलं. बारशाच्या पंगतीत सगळे पुरुष पाटावर मांडी घालून बसले, अण्णा एक गुडघा उभा करून, दुसरा पाय पसरून बसले, डावा हात जमिनीवर पालथा टाकून. कुणीतरी चेष्टा केली, मास्तर, बसा की नीट, आज नातीचं बारसं. गुडघे धरलेत, अण्णा म्हणाले. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी मांडी घातली नाही. आत्या बिचारी पुढं किती वर्षं रोज संध्याकाळी तेल गरम करून त्यांचे गुडघे चोळायची, आणि ते मुकाट्यानं चोळून घ्यायचे. त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.